उघडायला दोन हात लागतात, त्याला शस्त्र म्हणू नका

प्रति,
चाकूंविषयी कायदे करणारे लोकप्रतिनिधी,
ते राबवणारे पोलीस आणि सीमाशुल्क अधिकारी,
आणि विमानतळांच्या सुरक्षेची जबाबदारी असलेली मंडळी यांस

सविनय नमस्कार.

टपालाने मागवलेला एक जुना घडीचा चाकू सीमेवर अडवला गेला आणि काही आठवड्यांनी मला एक छापील कागद मिळाला. ‘सदर वस्तू प्रतिबंधित शस्त्र या वर्गात मोडत असल्यामुळे नष्ट करण्यात आली आहे.’ खाली शिक्का, तारीख आणि अपील करण्याची मुदत. मुदत शिल्लक होती, पण जिच्यासाठी अपील करायचं ती वस्तूच शिल्लक नव्हती. हे कोणत्या कार्यालयाने केलं ते मी लिहीत नाही. माझं भांडण एका टेबलाशी नाही. तो कागद ज्या नियमातून निघाला तो नियम, आणि तसेच इतर देशांतले, इतर खात्यांतले नियम, यांच्याबद्दल मला बोलायचं आहे. म्हणून पत्र तुम्हा सर्वांना, आणि उघड.

नष्ट झाला तो चाकू इंग्लंडमधल्या शेफील्ड शहराचा होता. दोन पाती, सांबरशिंगाची मूठ, दोन्ही टोकांना जर्मन सिल्व्हरच्या टोप्या. मोठं पातं माझ्या तर्जनीहून आखूड. पात्याच्या बुडाशी व्ही आणि आर ही दोन अक्षरं आणि त्यांच्या मध्ये मुकुट ठोकलेला. शेफील्डचे कारखाने राज्यकर्त्याची आद्याक्षरं अशी पात्यावर ठोकत, आणि राणी व्हिक्टोरियाचं निधन जानेवारी १९०१ मधलं. म्हणजे चाकू त्याआधीचा. शिवाय त्यावर ‘इंग्लंड’ हा शब्द कुठेच नव्हता. अमेरिकेच्या १८९० च्या जकात कायद्याने तिकडे जाणाऱ्या मालावर मूळ देशाचं नाव घालणं सक्तीचं केलं, आणि तेव्हापासून पात्यांवर देशाचं नाव सर्रास दिसू लागलं. जुने चाकू जमवणारा माणूस अशा खुणांवरून वय ठरवतो. तुमच्या अधिकाऱ्याने ते पातं उघडलंच असणार, नाहीतर लांबी मोजता आली नसती. पातं उघडलं की ती अक्षरं अगदी डोळ्यांसमोर असतात.

नुकसानभरपाई मला नको. ज्या जातीच्या चाकूंबद्दल तुम्ही निर्णय घेता, ती जात मुळात कशी असते हे तुम्ही एकदा हातात घेऊन पाहावं, एवढ्यासाठी हे लिहीत आहे.

पारंपरिक घडीच्या चाकूत कुलूप, म्हणजे उघडलेलं पातं जागी अडकवून ठेवणारी कळ, नसतं. मुठीच्या पाठीला पोलादाची एक ताणलेली पट्टी असते. पात्याचं बूड चौकोनी घडवलेलं असतं आणि पट्टी त्या बुडावर दाब देत बसते. पातं उघडं राहतं ते केवळ त्या दाबाच्या जोरावर, आणि मिटलेलंही त्याच दाबाने राहतं. उघडायचं तर एका हातात मूठ धरायची, दुसऱ्या हाताचं नख पात्यावरच्या खाचेत अडकवायचं आणि ओढायचं. अर्ध्यावर ते थबकतं, मग पुढे जातं आणि शेवटी टक् असा आवाज करून बसतं. त्या आवाजावरून पट्टीला पाणी किती चांगलं दिलंय आणि बूड किती नेमकं घासलंय, हे जाणकाराला कळतं. चांगल्या चाकूत उघडं असताना पट्टी आणि अस्तर (मुठीच्या आतला पत्रा) यांच्यात फट दिसत नाही. मिटलेला असतानाही नाही. हे साधायला कारागीर पट्टी पुन्हा पुन्हा काढतो, घासतो, लावून बघतो. हे काम हाताचं आहे, आजही.

आता याच चाकूने कोणाला भोसकायचा विचार करा. टोकावर जोर आला की पातं पट्टीचा दाब झुगारून मिटू लागतं, आणि मिटताना धार येते ती मूठ धरणाऱ्याच्या बोटांवर. या चाकूची रचनाच वार करण्याच्या विरुद्ध आहे. दोरी कापणं, पेन्सिलीला टोक काढणं, पार्सल उघडणं, फळ चिरणं, कलम बांधताना फांदीला काप देणं, लाकूड तासणं, या सगळ्यात जोर धारेवर असतो आणि धारेवरचा जोर पात्याला उघडं राहायला मदतच करतो. ज्यांनी तो घडवला त्यांना तो कशासाठी हे ठाऊक होतं, आणि ते त्यांनी पोलादातच लिहून ठेवलं.

घडीचा चाकू माणसाजवळ फार जुन्या काळापासून आहे. ऑस्ट्रियातल्या हालस्टाट इथे सापडलेला हाडाच्या मुठीचा घडीचा चाकू इसवी सन पूर्व सहाव्या शतकाच्या सुमाराचा मानला जातो. रोमन लोकांकडे घडीचे चाकू होते. पुढे शेफील्ड, जर्मनीतलं झोलिंगेन, फ्रान्समधलं तियेर, इटलीतलं मानियागो, जपानमधलं मिकी अशी गावंच्या गावं पात्यांवर जगली. शेफील्डच्या कारागिरांची ‘कटलर्स कंपनी’ १६२४ मध्ये संसदेच्या कायद्याने स्थापन झाली. झोलिंगेन हे नाव पात्यावर कोणी घालावं याला जर्मनीत कायद्याचं संरक्षण आहे. एका बाजूला ही नावं जपण्यासाठी कायदे आहेत आणि दुसऱ्या बाजूला तीच नावं ठोकलेली पाती भंगारात जातात, याचा मेळ मला लागत नाही.

स्विस सैनिकाचा चाकू आठवा. १८९१ मध्ये तो सैन्याला मिळू लागला तेव्हा त्यात एक पातं, एक टोच्या, डबा उघडायचं हत्यार आणि पेचकस होता. पेचकस कशाला, तर नव्या रायफलीची उघडजोड करायला. लढायला सैनिकाजवळ संगीन होती. म्हणजे ज्या संस्थेचं कामच शस्त्र बाळगणं, त्या सैन्याने घडीचा चाकू अवजार म्हणून दिला. १८९७ मध्ये कार्ल एल्सेनर यांनी त्याचा हलका, जास्त साधनांचा प्रकार नोंदवून घेतला आणि पुढे तो जगभर लोकांच्या खिशात गेला.

आता माझ्या तक्रारी.

पहिली, आणि बाकीच्या बहुतेक तिच्यातूनच निघतात: तुमचे अनेक नियम चाकू कसा चालतो हे न पाहता तो कसा दिसतो, किंवा एखाद्याने जोर लावला तर काय होऊ शकेल, यावर ठरतात. न्यूयॉर्कचं उदाहरण मी नेहमी देतो, कारण तिथे हे सगळं न्यायालयासमोर उघड झालं. स्वतःच्या वजनाने खाली घसरून उघडणाऱ्या चाकूंवर तिथे गेल्या शतकाच्या मध्यापासून बंदी होती. बंदी ठीक होती. पण व्यवहारात कसोटी अशी झाली की पोलिसाने मनगटाला झटका द्यायचा, आणि पातं उघडलं तर तो बंदी असलेला चाकू. नवा असताना जो उघडत नाही तो चाकू वापरून सैल झाला की उघडतो. एका पोलिसाच्या हातून उघडत नाही तो दुसऱ्याच्या हातून उघडतो. दहा वेळा झटका देऊन एकदा उघडला तरी गुन्हा. अवजारांच्या दुकानात राजरोस मिळणारे चाकू कामावर नेणारे हजारो लोक त्यात पकडले गेले. सुतार, रंगारी, मालाची खोकी उघडणारे कामगार. त्यातले बहुसंख्य कृष्णवर्णीय आणि लॅटिन अमेरिकी वंशाचे होते, हेही सांगायला हवं. मार्च २०१९ मध्ये संघीय न्यायालयाने हा कायदा अशा वापरापुरता इतका संदिग्ध आहे की तो घटनेत बसत नाही, असं म्हटलं. त्याच वर्षी मे महिन्यात राज्याने तो रद्द केला. तोवर कितीतरी माणसांच्या नावावर गुन्ह्याची नोंद लागली होती. व्याख्या ढिली ठेवली की तिची किंमत रस्त्यावरचा माणूस मोजतो.

दुसरी तक्रार कुलपाची. फ्रान्सच्या साव्हुआ भागात जोसेफ ओपिनेल यांनी १८९० च्या सुमारास लाकडी मुठीचा साधा शेतकरी चाकू केला. त्यात पाठीची पट्टीही नव्हती. काम करताना पातं बोटांवर मिटू नये म्हणून १९५५ मध्ये मार्सेल ओपिनेल यांनी मुठीच्या तोंडाशी फिरणारं कडं बसवलं. त्या कड्याचा हेतू बोटं वाचवणं हाच. ब्रिटनच्या १९८८ च्या कायद्यात तीन इंचांपर्यंत धार असलेला घडीचा चाकू विनाकारण जवळ बाळगता येतो, पण १९९३ च्या एका निकालानंतर कुलूप लागणारा चाकू त्या सवलतीतून बाहेर गेला. म्हणजे बोटं वाचवणारं कडं बसवलेला छोटा ओपिनेल जवळ ठेवायला कारण सांगावं लागतं, आणि बोटांवर मिटू शकणारा चाकू बिनदिक्कत चालतो. कुलूप नसलेल्या चाकूला सूट मिळते याचा मला आनंदच आहे, माझ्या संग्रहात बहुतेक तसलेच आहेत. पण बागेत, सुतारकामात, गिर्यारोहणात चाकू वापरणाऱ्याला जास्त सुरक्षित चाकू घेतल्याबद्दल संशयित ठरवणं मला पटत नाही. आखूड पातं, दोन हातांनी उघडणारं, आणि त्यावर कडं: यात धोका कुठे वाढला ते कोणीतरी लिहून द्यावं.

लांबीचा गोंधळ फार ताणत नाही. कुठे तीन इंच, कुठे सहा सेंटिमीटर, जपानमध्ये कुलूप नसलेल्या अरुंद, पातळ पात्याला आठ सेंटिमीटर. देशोदेशी आकडा वेगळा असणार, हे मान्य. पण मोजायचं कुठून? ब्रिटनचा नियम धारेची लांबी म्हणतो, दुसरीकडे पात्याची लांबी म्हणतात, आणि पात्याच्या बुडाशी धार नसलेला भाग असतोच. तेवढ्या फरकाने तोच चाकू एका टेबलावर बसतो आणि दुसऱ्या टेबलावर जप्त होतो. आकड्यासोबत मोजायची पद्धत का छापत नाही?

विमानतळांचं तर वेगळंच. युरोपीय महासंघाच्या सुरक्षा नियमांत सहा सेंटिमीटरपेक्षा लांब पात्याला मनाई आहे, म्हणजे त्याहून आखूड पातं नियमाने चालतं. कॅनडाने २०१७ मध्ये अमेरिकेला जाणारी उड्डाणं सोडून तीच मर्यादा स्वीकारली. अमेरिकेत २०१३ च्या मार्चमध्ये आखूड, कुलूप नसलेल्या चाकूंना परवानगी देण्याचा निर्णय जाहीर झाला, विमान कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी कडाडून विरोध केला आणि जूनमध्ये तो मागे घेतला गेला. त्या कर्मचाऱ्यांची भीती मी हलक्यात घेत नाही. ११ सप्टेंबर २००१ ला काय झालं ते त्यांच्या सहकाऱ्यांच्या बाबतीत झालं. विमानात चाकू नको असं म्हणत असाल तर माझी हरकत नाही. हरकत आहे ती तपासणीच्या जागी ठेवलेल्या त्या डब्याला. तिथे प्रवाशासमोर दोनच वाटा असतात, उड्डाण चुकवा किंवा चाकू डब्यात टाका. स्वतःच्या पत्त्यावर पाठवायला एक पाकीट आणि एक टपालपेटी तिथे का असू नये? काही विमानतळांवर ती सोय असते. जिथे नसते तिथे वडिलोपार्जित चाकू आणि काल विकत घेतलेला कटर एकाच डब्यात जाऊन पडतात.

आता सर्वांत जड तक्रार. नाश.

जुना चाकू नष्ट करणं म्हणजे नाणं न वाचताच वितळवणं. लोखंडाचं मोल कोणी मागत नाही. त्या पात्यावर कारखान्याचं नाव असतं, कधी दुकानदाराचं, कधी गावाचं. अमेरिकेतल्या केस कंपनीच्या १९७० च्या दशकातल्या चाकूंवर ठिपके असतात आणि दर वर्षी एक ठिपका कमी होत गेला, त्यावरून वर्ष कळतं. शेफील्डमध्ये एक घडवणारा, एक धार काढणारा, एक जोडणारा असे स्वतंत्र कारागीर भाड्याच्या खोल्यांत बसून एकेक टप्पा करत, आणि त्यातल्या बहुतेकांचं नाव कुठल्याही कागदावर नाही. त्यांनी केलेली वस्तू हाच त्यांचा कागद. खाच कशी कोरली, शिंगाची कोणती बाजू वर ठेवली, खिळ्याचं डोकं किती सफाईने मिळवलं, यावरून एका कारखान्याचा हात दुसऱ्यापासून ओळखता येतो. संग्रहालयांत काही नमुने आहेत. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनासाठी केलेला पंचाहत्तर पात्यांचा नॉरफोक चाकू शेफील्डमध्ये जपून ठेवला आहे, झोलिंगेनला पात्यांचं स्वतंत्र संग्रहालय आहे, तियेरलाही आहे. पण संग्रहालयात जातात ते बहुधा दिखाऊ तुकडे. शेतकऱ्याच्या, गवंड्याच्या, शाळकरी मुलाच्या खिशात झिजलेला साधा चाकू जपतो तो आमच्यासारखा माणूस. झिजलेल्या पात्यावरून तो किती वेळा दगडावर गेला असेल याचा अंदाज येतो. असा चाकू काचेमागे फारसा दिसत नाही.

आणि ते घडवणारे हात आता मोजके उरलेत. शेफील्डचे स्टॅन शॉ किशोरवयात या कामाला लागले आणि आयुष्यभर तेच करत राहिले. २०२१ मध्ये ते गेले. ब्रिटनमधली हेरिटेज क्राफ्ट्स ही संस्था धोक्यात आलेल्या हस्तकलांची यादी करते, त्यात घडीच्या चाकूचं काम आहे. तुम्ही जो चाकू भंगारात टाकता तो पुन्हा तसाच करून देणारा माणूस कदाचित आज नाही. म्हणून मी जप्ती आणि नाश यांत फरक करतो. जप्तीची चूक दुरुस्त करता येते.

हस्तिदंत, कासवाची पाठ असलेल्या जुन्या मुठींचा प्रश्न वेगळा आहे. हत्तींसाठी केलेले निर्बंध मला मान्य आहेत, त्यावर वाद नाही.

यापुढची गोष्ट जपानची, आणि ती तुम्ही नीट वाचावी असं मला फार वाटतं. ‘हिगोनोकामी’ हा तिथला सगळ्यात साधा घडीचा चाकू. मुडपलेल्या पत्र्याची मूठ, तीत एक पातं, पात्याच्या बुडाला अंगठ्याने दाबायची छोटी दांडी. पट्टी नाही, कुलूप नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मिकी गावात तो होऊ लागला आणि पुढे शाळकरी मुलांच्या पिढ्यांनी त्याने पेन्सिली तासल्या. १२ ऑक्टोबर १९६० ला तोक्योच्या सभागृहात, भाषण चालू असताना, समाजवादी पक्षाचे नेते इनेजिरो आसानुमा यांची एका सतरा वर्षांच्या मुलाने हत्या केली. देश हादरला, हादरणारच. हत्यार होतं आखूड तलवार. पण त्यानंतर मुलांच्या हातात पातं देऊ नका अशी मोहीम देशभर पसरली आणि तिचा घाव बसला पेन्सिल तासणाऱ्या चाकूवर. पेन्सिलीला टोक काढायची यंत्रं आली, त्यांचाही वाटा होताच. कारखाने एकामागून एक बंद झाले. आज ते नोंदणीकृत नाव वापरून तो चाकू करणारं मिकीत एकच घराणं उरलं आहे. तलवारीच्या गुन्ह्याची शिक्षा कोणाला झाली ते पाहा. ती मोहीम चालवणारे लोक वाईट नव्हते. घाबरलेल्या माणसांनी हाताशी असलेली सोपी वस्तू उचलून फेकली. आज तुम्ही नियम करता तेव्हा तुमच्यावरही तसाच दबाव असतो, हे मला कळतं.

कारण दुःख खरं आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये झोलिंगेन शहराच्या साडेसहाशेव्या वर्षाच्या उत्सवात एका माणसाने चाकूने हल्ला केला आणि तीन जण मेले. पात्यांच्या गावात, त्याच गावाच्या सणात. त्यानंतर ऑक्टोबरच्या अखेरीस जर्मनीने कायदा कडक केला आणि जत्रा, उत्सव, खेळांचे सामने, लांब पल्ल्याच्या गाड्या अशा ठिकाणी चाकू नेण्यावर काही अपवाद ठेवून बंदी घातली. मी ती बंदी पाळीन. गर्दीच्या जागी, आधी जाहीर केलेल्या हद्दीत कोणताच चाकू नको असं सांगणारा नियम स्पष्ट असतो. माणसाला तो समजतो आणि चाकू घरी ठेवून जाता येतं. त्याच जर्मनीच्या २००८ पासूनच्या नियमात, एका हाताने उघडून कुलूप लागणारे चाकू विनाकारण जवळ बाळगायला मनाई आहे, आणि दोन हातांनी उघडणाऱ्या, कुलूप नसलेल्या चाकूंना ती लागू नाही. रचना पाहून केलेला नियम कसा असतो याचा हा नमुना. तेव्हा हे जमत नाही असं कोणी म्हणू नये.

आणखी एक. इंग्लंड आणि वेल्समध्ये धारदार हत्याराने झालेल्या खुनांत सर्वांत जास्त वापरला जातो तो स्वयंपाकघरातला चाकू. मग स्वयंपाकघरातल्या चाकूंवर बंदी घाला, असं मी म्हणत नाही आणि तसं म्हणणाऱ्यांशी सहमतही नाही. मुद्दा एवढाच की माणूस मारायला निघालेला माणूस नखाने खाच शोधत बसत नाही. आमच्या चाकूंवर जप्तीचे कागद काढण्यात जाणारा वेळ आणि माणसं त्याच्या मागावर लावा.

या सगळ्याचा परिणाम कुठवर जातो तेही सांगतो. २००१ नंतर विमानतळांवरची विक्री थांबली तेव्हा एल्सेनर यांनी सुरू केलेल्या व्हिक्टोरिनॉक्स कंपनीच्या चाकूंचा खप घसरला होता. २०२४ मध्ये, वाढते निर्बंध पाहून, पातं नसलेल्या खिशातल्या साधनांवर काम चालू असल्याचं कंपनीच्या प्रमुखांनी जाहीरपणे सांगितलं. त्यांचा धंदा आहे, ते मार्ग काढतील. मोठ्या कारखान्याला तेवढा दम असतो. एका खोलीत बसून वर्षाला थोडेच चाकू करणारा कारागीर मात्र एक पार्सल सीमेवर नष्ट झालं की परदेशी गिऱ्हाईक सोडून देतो, कारण पैसे परत त्यालाच करावे लागतात.

आम्हा संग्राहकांकडूनही काही अपेक्षा असतील तर त्या रास्त आहेत, आणि मी माझ्यापुरत्या सांगतो. चाकू दाखवायला म्हणून कोणासमोर उघडायचा नाही. कोणी विचारलं तर मिटलेला हातात द्यायचा. स्वसंरक्षणासाठी चाकू बाळगतो असं म्हणणाऱ्याशी माझं जमत नाही. तो विचारच या चाकूंच्या स्वभावात नाही, आणि अशा बोलण्याने आम्हा सगळ्यांवर संशय येतो. लहान मुलांना चाकू विकू नये, विक्रीच्या वेळी वय पाहावं, ऑनलाइन विक्रीतही पाहावं, शाळेत चाकू नसावा. यातल्या कशालाच माझा विरोध नाही.

माझ्या मागण्या अशा आहेत.

शस्त्राच्या व्याख्येत रचना लिहा. बटण दाबून किंवा स्वतःच्या वजनाने उघडणारं पातं एका बाजूला, नखाच्या खाचेने दोन हातांनी उघडणारं कुलूप नसलेलं पातं दुसऱ्या बाजूला. दुसऱ्याला शस्त्रांच्या यादीतून नाव घेऊन वगळा. बोटं वाचवण्यासाठी कडं बसवलेल्या आखूड चाकूलाही हीच वागणूक द्या.

मनगटाचा झटका ही कसोटी लेखी आदेशाने बंद करा.

लांबीची मर्यादा ठेवायची असेल तर ती कुठून कुठपर्यंत मोजायची याचं चित्र नियमासोबत छापा.

सीमेवर किंवा टपालात अडवलेली कोणतीही वस्तू मालकाला कळवून, त्याचं म्हणणं ऐकून, अपिलाची मुदत संपेपर्यंत नष्ट करू नका. साठवणुकीचा खर्च मालकाकडून घ्या, तो आनंदाने देईल. वस्तू देशात येऊ द्यायची नसेल तर पाठवणाऱ्याकडे परत करा. वय शंभर वर्षांहून जास्त असेल तर ती आधी एखाद्या संग्रहालयाला दाखवा. ब्रिटनने १९८८ च्या आदेशात प्रतिबंधित शस्त्रांच्या यादीतूनसुद्धा शंभर वर्षांहून जुन्या वस्तू वगळल्या आहेत, तेव्हा ही मागणी नवी नाही.

विमानतळाच्या तपासणीपाशी वस्तू टपालाने परत पाठवण्याची सशुल्क सोय ठेवा.

आणि तपासणी करणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणात एक दिवस पात्यांसाठी द्या. पात्याच्या बुडावरच्या खुणा कशा वाचायच्या, कुलूप आहे की नाही हे कसं पाहायचं, हे एका सकाळी शिकता येतं. शिकवायला संग्रहालयाचा माणूस बोलवा. तो मिळाला नाही तर मी येतो, माझे चाकू घेऊन, परवानगीचा कागद तुमचा, येण्याजाण्याचा खर्च माझा.

या पत्राचं उत्तर मला खासगीत नको. नियमाचा सुधारित मसुदा सगळ्यांना वाचता येईल असा प्रसिद्ध करा आणि हरकती मागवा. माझी हरकत लेखी असेल, सहीसकट.

कळावे,
आपला,
जुने घडीचे चाकू जमवणारा आणि रोज एक खिशात ठेवणारा नागरिक